चार मेंबर

एक्याऐंशीच्या हिवाळ्यात लखनौतल्या मानक नगरच्या सरकारी क्वार्टरमागं कमला वांग्यांतलं गवत उपटत बसली होती. देवानंद कुंपणापाशी येऊन उभा राहिला. हातात दंतमंजनाचा डबा.

"वहिनी, हा इकत घ्या. मंग तुमी चार मेंबर करा, ते आनखी चार चार करतीन. तुमाले घरबसल्या कमिशन."

"आनि नाही घेतला त?"

देवानंद हसला. "परक्याच्या दारात गेलो त तो दार लावून घेते. आपला मानूस आपल्याले नाही कसा म्हनन?"

तिथंच कमला अडकली. दर रविवारी विहारात बुद्धवंदना देवानंद घ्यायचा. तिचा नवरा दयाराम टायफॉइडनं पडला तेव्हा यानंच त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं होतं. नाही म्हणायला तिची जीभ रेटेना. तिनं डबा घेतला.

दुसऱ्या दिवशी ती मेंबर शोधायला निघाली. मधुमतीच्या दारात पिशवीत हात घातला, तर मधुमतीनंच आधी आपला डबा पुढं केला. चंदाच्या पोरीनं दारातूनच सांगितलं, "आंटी, हमारे यहाँ तो पाँच डिब्बे पड़े हैं." भंडाऱ्या-नागपूरकडून लखनौला आलेली चाळीस घरं. बिनडब्याचं एकही सापडलं नाही.

रविवारी वंदना संपली तसे लोक चपला शोधायला धावले. एरवी तासभर गप्पा चालायच्या. आता कुणी कुणाकडं बघेना. बघितलं की डबा निघायचा. कमलाला ते फार लागलं. परमुलखात सुखदुःखाला होती ती एवढीच माणसं.

पुढच्या रविवारी वंदना संपताच ती उभी राहिली.

"देवानंदभाऊ, माहे चार मेंबर झाले."

दाराकडं निघालेले थबकले. देवानंद खुशीत म्हणाला, "कोन कोन?"

"तुमच्या हापिसातले मोठे साहेब, त्यायची बाई अन् दोन पोरं. साहेबानं इचारलं, सरकारी नोकरीत राहून हा धंदा कोन करते? म्या तुमचं नाव सांगतलं. उद्या तुमाले डबे घेऊन केबिनमंदी बलावलं हाय."

देवानंदचं तोंड उतरलं. "वहिनी, माहं नाव काहून सांगतलं?"

"आपल्या मानसाचंच सांगन ना. परक्याचं कसं सांगू?"

आधी चंदा फिसकन हसली, मग अख्खा विहार. देवानंदनं ऐन थंडीत घाम पुसला. "ज्याचे त्याचे डबे परत द्या, पैशे म्या देतो. साहेबाले तेवढं सांगा, योजना बंद झाली."

त्या दिवशी कुणाला घरी जायची घाई नव्हती. मधुमतीनं स्टोव्हवर चहा ठेवला, आणि देवानंदलाच पहिला कप मिळाला.

परतताना दयारामनं हळूच विचारलं, "तू साहेबाच्या बंगल्यावर कवा गेलती?"

"कोनता बंगला?" कमला म्हणाली. "मले त त्या साहेबाचं नावबी ठाऊक नाही."