गाडीत रडणारी धुरपता

करडी गावात त्या रविवारी सकाळी लिलाधरच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध त्याची जुनी पांढरी कार, बोनेट उघडं, टपावर हिरवं लुगडं, आणि समोर बायकांची रांग. तांदूळ, खण, नारळ ठेवून एकेक जणी गाडीची ओटी भरत होती. हो, गाडीचीच. सवाष्ण गेलेली बाई आत बसली आहे म्हटल्यावर ओटी नको भरायला?

"लिलाधर, लाव चाबी," भैय्यालाल महाराज म्हणाले.

लिलाधरने चावी फिरवली. इंजिन सुरू झालं आणि त्यातून बारीक, लांब, चढत जाणारा आवाज उठला. बाईने तोंडात पदर कोंबून रडावं, हुबेहूब तसा. रांगेतल्या बायका गहिवरल्या. म्हाताऱ्या डोमाने हात जोडले.

महाराजांनी तांब्या उचलला. "इंजिन म्हणजे काय? अग्नी आहे, वायू आहे, जल आहे. तीन तत्त्वं! चौथं तत्त्व आत्मा. आत्म्याबिगर गाडी चालन काय?"

पेट्रोलबिगरही चालत नाही, पण हे त्यांना सांगणार कोण? महाराजांनी ओठ हलवत इंजिनावर पाणी शिंपडलं आणि रडणं थांबलं. एकदम. मग पाचेक मिनिटांनी पुन्हा सुरू झालं, तेव्हा महाराजांनी दुःखाने मान हलवली.

"शांत होऊन नाही राहिली. काहून का तुनं तिले एकटी मरू देलं, लिलाधर. येत्या अमावस्येले गाडी आमच्या मठात सोड. तेव्हाच सुटन ती."

लिलाधरने मान खाली घातली. गाडी जायचं त्याला काही वाटत नव्हतं. 'एकटी मरू देलं' हे मात्र काळजात घुसलं होतं, कारण ते खरं होतं. त्याची बायको धुरपता पौषात गेली ती भर दुपारी, खाटेवर पडल्या पडल्या, आणि तो तेव्हा तलावात जाळं टाकून उभा होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हृदय एकाएकी बंद पडलं, जवळ बसला असतास तरी काही करता आलं नसतं. पण मन डॉक्टरांचं कुठं मानतं? ते महाराजांचं मानतं.

त्यानंतर घर खायला उठलं. मुलगा सचिन पुण्यात. त्याचा फोन आला की "जेवले काय?" "जेवलो." झालं बोलणं. शेजारीपाजारी तेरवीपर्यंत आले, मग धानाच्या मळणीला लागले. अशात एक दिवस गाडीच्या इंजिनाचा पट्टा तुटला. लिलाधरने मोबाइलवर पाहून नवा पट्टा स्वतःच बसवला, गाडी सुरू केली, आणि आतून ते रडणं आलं.

खरं सांगायचं तर तो घाबरला नाही. सीटवर बसून राहिला आणि हळूच म्हणाला, "काय झालं वं?" सहा महिन्यांत त्या घरात त्याने आपणहून विचारलेला तो पहिला प्रश्न. पुढे तो रोज गाडी सुरू करून बसायचा. कुठं जायचं नसलं तरी. मग ते डोमाने ऐकलं, डोमाकडून गावाने ऐकलं, आणि महाराज लाखनीहून आपणहून हजर झाले.

त्या रविवारी एसटीने रीना आली. लिलाधरच्या बहिणीची मुलगी, हायस्कुलात विज्ञान शिकवणारी. तिने गर्दी पाहिली, तांब्याचा प्रयोग पाहिला, आणि हातपंपावर आपली बाटली भरून आणली. रडणं पुन्हा सुरू होताच ते पाणी तिने इंजिनावर शिंपडलं.

रडणं थांबलं.

"महाराज, हे त हातपंपाचं आहे."

"माझ्या पावलानं ह्या अंगणातलं सारं पाणी पवित्र झालं, बाई," महाराज म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या. हरणारा बाबा अजून जन्माला यायचा आहे.

रीनाने त्यांचा नाद सोडला. "मामा, हे कधीपासून आहे?"

"पट्टा बदलवला तेव्हापासून."

"कसा बदलवला? सांगा ना."

"जुना काढला, नवा चढवला. डायनेमो जराक हलल्यासारखा वाटला, त त्याच्या मागं एक वायसर टाकला, लोखंडाची चकती. आपण धानाच्या पंपाले टाकतो ना, तसाच..."

आणि लिलाधर बोलता बोलता थांबला. गावात सगळेच पंपाला असा वायसर टाकतात. पंपाचा पट्टा रुंद, चपटा. पुली इकडची तिकडे सरकली तरी त्याला फरक पडत नाही. पण गाडीचा पट्टा पुलीच्या खाचेत बसतो, पुली सरकली की घासतो. पट्टा कसा बसवला, हे आजवर त्याला कुणी विचारलंच नव्हतं. सगळ्यांनी फक्त हात जोडले होते.

रीनाच्याही लक्षात आलं. तिने मामाच्या तोंडाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तुम्ही म्हणान त राहू देते, मामा."

लिलाधरने बोनेटवर हात ठेवला. वायसर काढला की आवाज गेला. रोजची सोबत गेली. "नाही बाई," तो म्हणाला, "ती खरंच रडून राहिली का नाही, एवढं मले पाहू दे."

त्याने पाना आणला, वायसर काढला, पट्टा ताणून बसवला. चावी फिरवली. नुसतं इंजिन चाललं.

"मुक्त झाली!" महाराजांनी हात वर केले. लोकांनी जयजयकार केला.

लिलाधरने गाडी बंद केली आणि वायसर परत घातला. चावी फिरवली. रडणं. पुन्हा काढला. काही नाही.

"महाराज," लिलाधर म्हणाला, "मुक्त झालेली बाई पाना फिरवला का वापस येते काय?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. रीनाने मग सगळ्यांना जवळ बोलावून दाखवलं. वायसरमुळे डायनेमोची पुली पुढे आली होती, पट्टा तिरपा धावत होता, खाचेला घासून कण्हत होता. पाणी पडलं की पट्टा बुळबुळीत होतो, कण्हणं थांबतं. वाळला की पुन्हा सुरू.

"अरे, हा त हायवेवरच्या ढाब्यापाशी ट्रकवर किलनर होता!" डोमा महाराजांवर डोळे रोखत म्हणाला. "पट्ट्यावर पाणी मारनं याले नाही मालूम त कोणाले?"

महाराज तांब्या विसरून निघून गेले. लोकही पांगले. बायकांनी आपापला नारळ तेवढा आठवणीने उचलला. तासाभरात अंगण रिकामं झालं.

लिलाधर गाडीच्या सीटवर बसला. रीना शेजारी बसली.

"बरं झालं," तो म्हणाला. "तिले तरास नाही. ती रडत नव्हती. डाक्टर खरं बोलत होता." त्याने चावी काढून हातात घेतली. "पण आता घरात काहीच आवाज नाही, पोरी." आणि तो मोठ्याने रडू लागला. रीनाने त्याला रडू दिलं.

मंडळी, गाडी कण्हली तर बोनेट उघडा. कधीपासून कण्हते, त्याआधी काय बदललं, ते विचारा. ओटी भरू नका, हात जोडू नका. जे एकदा घडलं ते पुन्हा घडवून बघा. त्यात देव रागावत नाही आणि मेलेल्या माणसाचा अपमानही होत नाही. आणि दुसरं एक. त्या घरात सहा महिने एक माणूस खरोखर रडत होता, आणि ते ऐकायला करडीतून एकही जण आला नव्हता.