गावपळणीतला धूर

धूर दिसला तेव्हा सारिका ओहोळाच्या काठावर भांडी घासत होती. पलीकडे तिचं गाव होतं, आणि त्या गावात या घडीला कुत्रंसुद्धा असायला नको होतं. गावपळण होती ना! देवाचा हुकूम झाला की अख्खा गाव गुरं-कोंबड्यांसकट वेशीबाहेर पडतो आणि तीन दिवस झावळांच्या खोपीत राहतो. मागे माणूस नाही, दिवा नाही, चूल तर नाहीच नाही. आणि हा मेला धूर निघत होता तो नेमका सारिकाच्याच घरातून.

तिने मागे वळून खोपीत पाहिलं. हाना नव्हती.

हाना चेक देशातली पोरगी. ओहोळावर बंधारा घालायला परदेशातून जी चार पोरं शिबिराला आली होती, त्यांतली एक. सारिकाच्याच घरी उतरलेली. शिबिर आणलं सारिकाने, तेही गावचे मानकरी भाई नको नको म्हणत असताना. उन्हाळ्यात डोक्यावर हंडा घेऊन घाटी चढायची ती बायकांनी, भाईंचं काय जातं? शेवटी भाईंनी मान डोलावली, पण अट घालून. पाहुण्यांनी देवाचं काही मोडलं, तर बंधारा तिथल्या तिथे बंद.

हाना ओहोळातून धावत आली. हात शेणाने भरलेले आणि तोंडभर हसू. आज देवाने परतायचा कौल दिला की सगळे घरी जाणार, म्हणून बाईसाहेबांनी अंगण सारवून ठेवलं होतं, आणि सारिकाच्या सासूला, अक्काला, आंघोळीला गरम पाणी हवं म्हणून चूलही पेटवली होती. आग लागो त्या प्रेमाला! गावात राहायचं नाही, एवढं सारिकाने तिला सांगितलं होतं. पाऊलही टाकायचं नाही, हे सांगायला ती विसरली होती. हे काय सांगायला लागतं?

"गप्प राहा. एक शब्द बोलू नकोस," तिने हानाला इंग्रजीत बजावलं.

वेशीवरच्या राखणदार देवाच्या दगडापाशी गाव जमला. धूर सगळ्यांनीच पाहिला होता, पण कौलाआधी वेस ओलांडून बघायला कोण जाणार?

"सारिका, तुझ्या घरात आग कशी गो?" भाईंनी विचारलं.

"चुलीत निखारो रवलो आसतलो, भाईनू. वाऱ्यान पेटलो."

बोलून गेली, आणि मग तिच्या लक्षात आलं. चूल विझवली होती अक्काने. लग्न होऊन आल्यापासून गावपळणीला चूल विझवायची ती अक्कानेच. पाणी ओतून, राख उपसून, वर हात फिरवून बघायची, आणि त्याचा तिला कोण अभिमान!

"अक्का, वय झाला तुझा," भाई म्हणाले. "फुडच्या टायमाक ह्या काम दुसऱ्या कोणाक दी."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. अक्काने सारिकाकडे पाहिलं. सारिकाने मान खाली घातली. बंधारा वाचला, बंधारा वाचला, एवढंच ती मनात घोकत होती, आणि लाजेने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

हानाला मालवणी कितीशी कळणार? पण अक्काने तोंडाला पदर लावलेला तिला दिसला. ती पुढे आली, शेणाचे हात तसेच पुढे धरून.

"आग मी. अक्का नाय. मी."

भाईंनी हानाकडे पाहिलं, मग सारिकाकडे.

"तिका म्हायत नव्हता. तुका म्हायत होता," ते म्हणाले आणि दगडाकडे वळले.

त्यांनी गाऱ्हाणं घातलं, लेकरांची चूक पोटात घाल म्हणून. "व्हय म्हाराजा!" गाव ओरडला. दगडाच्या दोन्ही अंगांना ओली फुलं चिकटवली. उजवं आधी पडलं तर घरी जायचं आणि बंधाराही पुरा करायचा. डावं पडलं तर दोन्ही राहिलं. डावं फूल हललं. देवा, नको रे, नको! तेवढ्यात उजवं सुटलं आणि खाली पडलं.

गावाने एकच गजर केला. सारिकाला रडू फुटलं. ती अक्काच्या पाया पडायला वाकली, तशी अक्काने पाय मागे घेतले.

"देवान दिल्यान तुका कौल," अक्का म्हणाली. "माझो अजून बाकी आसा."

आणि हानाचा शेणाचा हात धरून ती ओहोळात उतरली.