इंदा नदीत असताना

कापसाच्या बियाण्याचा प्लॉट म्हणजे सगळा हातांचा खेळ. दुपारनंतर बायांनी उद्या उमलणारी कळी सोलायची, आतलं नराचं पिवळं नखानं काढायचं आणि खूण म्हणून वर लाल कागद अडकवायचा. सकाळी मी बाजूच्या ओळींतली नर फुलं तोडून टोपली भरून द्यायची. ती त्या लाल कागदवाल्या फुलांना लावली तरच बी धरतं. दुपार कलली की फूल गेलं. म्हणून दिवसभर माझ्या तोंडी एकच, "हात चालवा!"

त्या दिवशी बघतो तर बायांच्या टोळीतली दैवशाला हातात जाडजूड कादंबरी घेऊन सरीतून पुढं चालली आहे आणि मोठ्यानं वाचते आहे. तिच्या ओळीतल्या कळ्या बाकीच्या बाया वाटून घेऊन सोलताहेत. माझं डोकंच फिरलं. मी पुस्तक हिसकावून घेतलं.

"तात्या, इंदा नदीत हाय!" वंदनाबाई ओरडली.

"कोण इंदा?"

"नावाडीण. पुरात पल्याडच्या बाळंतिणीला आणाया गेल्ती. मधीच दोर तुटला. अन् तुम्ही पुस्तक घेऊन चालले?"

"सीझन झाल्यावर न्या."

"उद्या दुपारपर्यंत द्या. न्हाईतर परवापासून आम्ही तीर्थपुरीच्या प्लॉटवर."

वंदनाबाई टोळीची मुकादम. बोलली म्हणजे करणार. ऐन बहरात टोळी गेली तर माझा प्लॉट मातीत. पण मीही हट्टाचा. बायांनी दम द्यायचा आणि या रामरावनं ऐकायचं? बिलकुल नाही.

घरी येऊन चहा घेता घेता म्हटलं, बघू तरी, काय आहे या इंदात एवढं. शाळा सुटल्यापासून खताच्या गोणीवरच्या सूचनांखेरीज मी काही वाचलं नव्हतं. पहिलं पान जड गेलं. दुसऱ्या पानावर इंदानं गावच्या पाटलाला नावेत बसवलं आणि ऐन धारेत नेऊन विचारलं, "हं, काल चावडीवर काय म्हणत होता?" मी एकटाच खो खो हसलो. पुढं चहा गार झाला, सूनबाईनं दोनदा जेवायला हाक मारली, मला पत्ता नाही. एवढी वर्षं हे असलं काही जगात होतं आणि मला कुणी सांगितलं नाही, याचा खरं तर रागच आला.

सकाळी टोपलीत पुस्तक टाकूनच शेतात गेलो. नर फुलं अजून पुरती उमलली नव्हती. तोवर एक पान वाचावं म्हणून बांधावर टेकलो. दोर तुटला. आता कुठलं थांबणं!

"तात्या, नर फुलं कुठंयत?"

वर बघितलं तर वंदनाबाई उभी. ऊन चढलेलं, टोपली रिकामी. मागं सगळा प्लॉट लाल कागदांनी भरलेला आणि बाया रिकाम्या हातांनी वाट बघत उभ्या. तिनं टोपली बघितली, पुस्तक बघितलं, मग माझे ओले डोळे बघितले. मला वाटलं, गेली टोळी.

पण तिनं जवळ येऊन हळूच विचारलं, "जित्ती हाय का इंदा?"

"सांगणार न्हाई," मी म्हणालो आणि पुस्तक दोन्ही हातांनी तिच्या हवाली केलं. "दैवशालाबाईला द्या. म्हणावं, वाचायची बी रोजी बराबर भेटंल. चला, जल्दी फुलं तोडू."

सगळ्यांनी मिळून तोडली. निम्मी फुलं साधली, निम्मी गेली. माझ्याच कर्मानं गेली, कुणाला बोलणार?

दुपारी दैवशाला पुढं वाचत चालली आणि तिच्या ओळीत मी घुसलो. माझ्या जाड नखांना कळ्या जमेनात, बाया हसत होत्या. पण इंदा अजून तुटक्या दोरानिशी नदीतच होती. पुढं काय होणार ते त्या शेतात मला एकट्याला माहीत होतं. तरी इंदानं अंधारात बाळंतिणीला हाक मारली आणि पलीकडून आधी बाळाचं रडणं ऐकू आलं, तेव्हा माझे हात थांबले. कळी चिमटीत तशीच राहिली.

शेजारच्या ओळीतून पदरानं डोळे पुसत वंदनाबाई म्हणाली, "तात्या, हात चालवा."