गुमेरची सावली

एलिसेओ येताना दिसला तसा गुमेर बाकावरून सरकला आणि त्याने सावलीतली जागा हाताने झटकून मोकळी केली.

"बस इथे," तो म्हणाला.

एलिसेओ बसला. पार्कातल्या या बाकावर सकाळी दहानंतर झाडाची सावली एका माणसापुरतीच उरते, आणि ती वर्षानुवर्षं गुमेरची होती. साखर कारखान्याच्या रेल्वेत तो इंजिन चालवायचा. आवाजही इंजिनासारखाच. या सावलीसाठी तो भल्याभल्यांशी भांडला होता. म्हणून तर एलिसेओ घरातून निघताना बायको सेनाइदा त्याच्या डोक्यावर गवती टोपी ठेवायची. म्हणायची, गुमेर काही तुला सावली द्यायचा नाही.

सेनाइदाला जाऊन तीन महिने होत आले होते. टोपी दारामागच्या खिळ्यालाच होती. तिची गरजच पडत नव्हती.

बाकाभोवती रोजचे लोक जमले होते. बेसबॉलचा हंगाम सुरू होऊन दोनच आठवडे झाले होते आणि गावच्या टीमचं काही खरं नव्हतं. ओनेलिओ न्हाव्याने थर्मासमधून कॉफी ओतली. कप एकच, तो सगळ्यांत फिरायचा. त्याचं म्हणणं पडलं की आपले पिचर पाच इनिंग राजासारखे टाकतात, मग खांदा भरून येतो आणि चेंडू वर वर यायला लागतो. त्यांच्या जागी येणारे बदली पिचर तर पाहुण्यांना पायघड्याच घालतात. चार चेंडू बाहेर, जा बाबा, पहिला बेस तुझा. त्यावर कुणी म्हणालं, पिचरांना काय बोलता, फलंदाजांनी कुठे दिवे लावलेत? फटके रोज दहा-बारा आणि धावा दोन. बेसवर उभे राहून राहून पोरांचे पाय दुखतात, पण घरी कुणी आणत नाही त्यांना.

"तुझं काय मत, एलिसेओ?" ओनेलिओने विचारलं. विचारताना त्याने आवाज खाली आणला.

"पिचर ठीक आहेत," एलिसेओ म्हणाला. काहीतरी म्हणायचं म्हणून तो म्हणाला.

आदल्या तीन सामन्यांत त्याच पिचरांनी सव्वीस धावा दिल्या होत्या. तरी सगळ्यांनी माना डोलावल्या. पुडीत शेंगदाणे भरत उभा असलेला चागो तेवढा हसला.

"काका, तुमचा रेडिओ दुसऱ्या गावची मॅच धरतो की काय?"

गुमेरने त्याच्याकडे असं पाहिलं की चागोचं हसू तिथेच विरलं. त्याने एक पुडी एलिसेओच्या हातात ठेवली आणि पैसे न घेता तो दोन पावलं मागे सरला.

एलिसेओने ते पाहिलं. पुडी त्याने तशीच हातात धरून ठेवली.

या बाकावर कुणाला सोडायची रीत नव्हती. मागे ओनेलिओ दाढ काढून सुजलेल्या गालाने आला, तर त्याला ऐकावं लागलं, आज निम्म्याच तोंडाने बोलतोस, निम्माच मूर्खपणा ऐकावा लागेल. आणि एलिसेओला मात्र गेल्या दोन आठवड्यांत साधं कुणी गाढवही म्हटलं नव्हतं. सेनाइदाचं नावही कुणी काढलं नव्हतं.

यात वाईट काय, असं तो स्वतःला विचारायचा. ही माणसं नसती तर तो उभा राहिला असता का? गुमेरची बायको मिग्दालिया महिनाभर सूपचा डबा पाठवत होती. स्वतःच्या घरी चुलीवर काय आहे, याचा विचार तिने केला नाही. एलिसेओला वस्तरा हाती धरवत नव्हता म्हणून ओनेलिओ घरी येऊन दाढी करून जायचा. सेनाइदाला नेलं तेव्हा चागोने त्या दिवसाचा धंदा सोडला होता. एवढं कुणी कुणासाठी करत नाही. पण आता हीच माणसं त्याच्यापायी तोंड बांधून बसली होती. तो आला की बाक दवाखान्यासारखा व्हायचा. बिचाऱ्यांना भांडताही येत नव्हतं.

उद्यापासून यायचं नाही, असं त्याने सकाळी दाढीचं पाणी तापवतानाच ठरवलं होतं. घरी रेडिओ होताच. जाण्याआधी गुमेरला मात्र काहीतरी द्यावं, असं वाटत होतं. देण्यासारखं त्याच्यापाशी एकच होतं.

दोघांचं एक भांडण जुनं होतं. बेसवर गडी उभा असला की फलंदाजाने बॅट फिरवूच नये, चेंडूला नुसती टेकवावी. स्वतः बाद झाला तरी चालेल, पुढचा गडी एक बेस सरकतो ना, हे गुमेरचं मत. एलिसेओ म्हणायचा, टेकवणं म्हणजे एक माणूस फुकट घालवणं. टीमला सामन्यात सत्तावीस जण बाद करून घ्यायची मुभा असते. ती रेशनच्या कॉफीसारखी आहे, शेजाऱ्याला वाटायची नसते. यावरून दोघांनी तीस वर्षं पार्क डोक्यावर घेतला होता, आणि बहुतेक वेळा गुमेरच हरला होता.

काल रात्री नेमकं तेच घडलं. नववी, म्हणजे शेवटची इनिंग, टीम एका धावेने मागे, दोन बेसवर दोन गडी, अजून कुणी बाद नाही, आणि बॅट हातात घेऊन लेइवा, टीमचा सगळ्यात ताकदवान गडी. त्याने पहिल्याच चेंडूवर बॅट फिरवली. चेंडू जमिनीवरून सरळ क्षेत्ररक्षकाच्या हातात गेला, एका फटक्यात दोघे बाद झाले, आणि तिथेच सामना संपल्यात जमा झाला. एलिसेओ रेडिओपाशी होता. त्याने सवयीने स्वयंपाकघरातल्या खुर्चीकडे पाहिलं. तिथे बसून सेनाइदा तांदूळ निवडायची. मग त्याने रेडिओ बंद केला.

गुमेरला तीस वर्षांत असा पुरावा मिळाला नव्हता. तरी आज सकाळपासून त्याने लेइवाचं नावही घेतलं नव्हतं.

"गुमेर," एलिसेओ म्हणाला, "काल तुझंच बरोबर होतं. लेइवाने टेकवायला हवं होतं."

ओनेलिओचा कप ओठांपाशी थांबला.

"कालच नाही, पहिल्यापासून तुझंच बरोबर होतं. मी उगाच भांडायचो."

मान खाली घालून गुमेर आपल्या बुटांकडे पाहत राहिला. मग उठून उभा राहिला. त्याची मान लाल झाली होती.

"हे मी घेणार नाही," तो म्हणाला.

"अरे, पण मी म्हणतोय ना..."

"तू कोण म्हणणारा? तुझं आहे का ते द्यायला? मत सेनाइदाचं होतं."

चागोने पुडी भरायचं थांबवलं. ओनेलिओने गुमेरची बाही धरली. गुमेरने ती सोडवून घेतली.

"अख्ख्या पार्काला ठाऊक आहे. सकाळी पावाच्या रांगेत ती मिग्दालियाला सगळं सांगायची. तू दहा वाजता इथे येऊन छाती काढून बोलायचास, आणि मला आठ वाजताच ठाऊक असायचं की आज तू काय बोलणार. दोन तास उत्तराची तयारी करायचो मी. तरी हरायचो." त्याचा आवाज मध्येच चिरकला. तो खाकरला. "मला जिंकायचं होतं ते तिच्याशी. तुझ्यासारख्या गाढवाकडून मला दान नकोय."

पार्कापलीकडून एक घोडागाडी टापा वाजवत गेली.

एलिसेओने पुडीचं तोंड नीट दुमडलं आणि ती खिशात ठेवली. मग गुडघ्यांवर दोन्ही हात टेकून तो पुढे वाकला.

"लेइवाची चूक वेगळीच आहे," तो म्हणाला. शब्द हळूहळू येत होते. "त्यांच्या पिचरला चेंडू सापडत नव्हता. आधीच्या दोघांना त्याने फुकट बेस दिले. तिसऱ्यालाही दिला असता. नुसतं उभं राहायचं होतं लेइवाने. आणि तू असतास तर टेकवून एक माणूस घालवून बसला असतास. रेशनची कॉफी..."

"...शेजाऱ्याला वाटायची नसते," ओनेलिओ आणि चागो एकदमच म्हणाले.

हे मत सेनाइदाचं की आपलं, ते एलिसेओला कळेना. तिच्या तोंडून ते त्याने ऐकलेलं नव्हतं, एवढं खरं.

"उभं राहायचं म्हणे," गुमेर गरजला. पार्काच्या त्या टोकाला दोन माणसांनी वळून पाहिलं. "तीन स्ट्राइक टाकून बाद केलं असतं म्हणजे? मग काय तुझ्या त्या कॉफीने धावा झाल्या असत्या?"

"त्या पिचरला एक स्ट्राइक टाकता आली असती, तर मी तुला माझा रेडिओ दिला असता."

"तो रेडिओ? तो तर दुसऱ्या गावची मॅच धरतो," चागो मागून म्हणाला, आणि या वेळी त्याला कुणी अडवलं नाही.

ओनेलिओने कप पुसून पुन्हा भरला आणि एलिसेओपुढे धरला. बाकीचे पुढे सरकले. आता सगळेच एकदम बोलत होते. पिचर, बदली पिचर, लेइवा, त्याचा कोच, कुणालाच सोडलं जात नव्हतं. बोलता बोलता गुमेरने हाताने एलिसेओला खूण केली.

"आणि ऊठ आधी तिथून. माझ्या सावलीत बसून मलाच अक्कल शिकवतोस."

एलिसेओ उठला आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. तिथे ऊन थेट डोळ्यांवर येत होतं. कपाळावर हाताचा आडोसा धरून तो पुढे बोलत राहिला. उद्या टोपी आणायला हवी, एवढं मधेच त्याच्या मनात येऊन गेलं.