सामानाबरोबरचा कागद

रविवारी सकाळी टॅमरॅक गावच्या बर्फाच्या रिंकवर लहान मुलांचं स्केटिंग असायचं आणि त्याच वेळी काचेलगतच्या टेबलावर म्हाताऱ्यांची कॉफी. लारिसा लेकीच्या स्केट्सच्या नाड्या आवळून तिला बर्फावर सोडायची आणि वडिलांच्या टेबलाच्या टोकाला येऊन बसायची. तिथून टेस पडली की लगेच दिसायची. चार वर्षांची टेस दर मिनिटाला पडत होती. लारिसा दर वेळी अर्धी उठत होती आणि पुन्हा बसत होती.

त्या रविवारी टेबलावर एकच विषय होता. रेमीला ठेवायचं की द्यायचं?

रेमी लाशान्स हा गावच्या आइस हॉकी क्लबचा सगळ्यात जुना खेळाडू. क्लबची पोरं लांबलांबून येत आणि गावातली घरं त्यांना ठेवून घेत. रेमी गेली तीन वर्षं लारिसाच्या तळघरातल्या खोलीत राहत होता. लीग विसापर्यंतच्या पोरांची आणि त्याला आता वीस पूर्ण झालेली, म्हणजे मार्चमध्ये मोसम संपला की तो या लीगमधून बाहेर. पोर्ट हॅलमच्या क्लबला यंदा काही करून कप जिंकायचा होता आणि त्यासाठी त्यांना असाच हाडं मोडून घेणारा गडी हवा होता. बदल्यात ते जोना वीब नावाचा सोळा वर्षांचा पोरगा द्यायला तयार होते. अदलाबदलीची मुदत शुक्रवारी दुपारी संपणार होती.

वॅली, जो तीस वर्षं शाळेची बस चालवून आता फक्त मतं चालवत होता, तो म्हणाला की यात विचार करण्यासारखं आहेच काय. आपण पाचव्या नंबरवर लोंबकळतोय. रेमी मार्चमध्ये जाणारच आहे. मग हातात काय उरणार, भिंतीवरचा फोटो? तो वीब निदान तीन वर्षं खेळेल.

समोर बसलेल्या मर्वला हे सहन होईना. गेल्या वर्षी रेमीनं तोंडावर पक, म्हणजे ती कडक रबरी चकती, झेलला होता, दोन दात बर्फावरून उचलून मोज्यात टाकले होते आणि दोन मिनिटांनी पुन्हा मैदानात होता, हे त्यानं सगळ्यांना शंभराव्यांदा सांगितलं.

"तो तुमचा वीब काय उचलणार बर्फावरून?" तो म्हणाला. "कंगवा? केस विंचरून खेळायला येतं ते कार्टं."

"गोल मारतो ना? मग वेणी घालू दे त्याला."

लारिसाचे वडील ऑरेस्ट या सगळ्यात नुसती कॉफी ढवळत होते. क्लब गावाच्याच मालकीचा, त्याचं बघायला सात जणांची समिती, आणि ऑरेस्ट त्या सातांतले एक. तीन जण द्या म्हणत होते, तीन जण ठेवा. मॅनेजरनं हात वर केले होते, बुधवारी तुम्हीच काय ते ठरवा म्हणून. शेवटी ऑरेस्टनी चमचा बशीत ठेवला आणि म्हणाले, मी समितीत आहे तोवर तो पोरगा कुठेही जात नाही. मर्वनं टेबलावर थाप मारली.

वॅली मात्र लारिसाकडे वळला. "तू सांग पोरी. तुझ्या घरचं खातो तो. खांदा बरा आहे का त्याचा?"

"खांदा बरा आहे," लारिसा म्हणाली.

ते खरं होतं. डोक्याचं कुणी विचारलं नव्हतं.

नोव्हेंबरच्या शेवटी एका सामन्यात रेमी मागच्या मागे रिंकभोवतीच्या कठड्यावर आपटला होता. उठला, हसला, पुढे खेळला. दुसऱ्या दिवशी त्यानं तळघरातल्या खिडकीवर जाड घोंगडी चार खिळ्यांनी ठोकली. बर्फावरचं ऊन डोळ्यांत येतं म्हणाला. लारिसाला तेव्हाच खटकलं होतं, कारण तिला सगळंच खटकत असे. टेसचा श्वास चालू आहे ना हे ती अजूनही झोपायच्या आधी दोनदा बघायची. तिचा नवरा ब्रेंट दोन आठवडे खाणीवर आणि दोन आठवडे घरी असे. तो म्हणायचा, तुला डोळे दोन आहेत पण तू चौघींइतकं बघतेस. मग दूध कपाटात आणि पावाचं पाकीट फ्रीजमध्ये सापडलं. मग रेमी टेसला दिवसभर आपल्या बहिणीच्या नावानं हाक मारत राहिला. टेसला तो खेळ वाटला. आणि नाताळानंतर एका दुपारी लारिसा कपडे वाळवून वर आली, तर शेगडी पेटलेली, रिकामं पातेलं लाल होत आलेलं, शेजारी टेस चित्र रंगवत बसलेली आणि रेमी खुर्चीत बसून भिंतीकडे बघत होता.

तिनं त्याला त्याच दिवशी धरलं. आधी तो हसण्यावारी न्यायला लागला. फ्रीजवर सगळ्यांचं वेळापत्रक लावणारी म्हणून तो तिला कॅप्टन म्हणायचा.

"दहा आठवडे राहिलेत, कॅप्टन. मग आयुष्यभर झोपायचंच आहे."

"डॉक्टरकडे जा."

"डॉक्टर क्लबचा आहे. तो मला बसवणार. फेब्रुवारीत विद्यापीठाच्या संघाची माणसं खेळ बघायला येणार आहेत, आणि मी काय, प्रेक्षकांत बसून हात हलवू? दुसरं काय येतं गं मला?"

टेसला एकटं त्याच्याजवळ सोडायचं नाही, एवढं तिनं ठरवून टाकलं, आणि ते ठरवल्याची तिला इतकी लाज वाटली की त्या रात्रीच्या जेवणात तिनं त्याच्या आवडीचा बटाट्याचा केक केला.

रविवारी रिंकवरून परतल्यावर बापलेक स्वयंपाकघरात वरेनिकी, म्हणजे करंजीसारखी उकडीची पुडकी, भरायला बसले. त्यांच्या घरच्या जुन्या पंचांगाप्रमाणे नाताळ जानेवारीत यायचा आणि सोमवारी त्याची आदली संध्याकाळ होती. आई गेल्यापासून हे काम दोघंच करायची. ऑरेस्ट पिठाच्या चकत्या कापायचे, लारिसा बटाट्याचं सारण भरून कडा चिमटायची. हात कामात असले की वडिलांशी बोलणं सोपं जायचं. तिनं सगळं सांगून टाकलं. घोंगडी, दूध, पातेलं. सांगताना तिच्या मनात एकच होतं. बाबांचं कोच ऐकतो. बाबा कोचच्या कानावर घालतील, काहीतरी निमित्त काढून रेमीला तीन-चार आठवडे बसवतील. सांगणारी ती होती हे रेमीला कळणारही नाही.

ऑरेस्टचा हात चकत्या कापता कापता थांबला. त्यांनी विचारलं, आणखी कोणाला ठाऊक आहे?

"कोणालाच नाही."

"बरं केलंस मला सांगितलंस," ते म्हणाले. "बघतो मी."

तिला कित्येक दिवसांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला. सोमवारी सणाचे बाराही पदार्थ टेबलावर मांडले होते. रेमी ऑरेस्टच्या शेजारी बसला. ऑरेस्टनी त्याच्या ताटात स्वतःच्या हातानं दोनदा वाढलं, पाठीवर हात ठेवला आणि तो हात बराच वेळ तिथेच राहू दिला.

गुरुवारी सकाळी ग्लेन्डाचा फोन आला. कोणत्या खेळाडूला कोणत्या घरी ठेवायचं हे ती बघायची. आवाजात तूप घालून बोलायची तिची सवय होती. लारिसा, राणी, उद्या दुपारपर्यंत पलंगावरच्या चादरी बदलून होतील ना? सोळाचा आहे, गोड पोरगा आहे, शेंगदाण्याचं पथ्य वगैरे काही नाही.

लारिसानं फोन ठेवला. खालून टेसचा आणि रेमीचा आवाज येत होता. ती जिन्याच्या तोंडाशी बसूनच होती; तिला तिथून ते दिसत होते. रेमी चित्रकोड्याचे तुकडे जुळवत होता आणि टेस त्याला चुका दाखवत होती. त्याचा पलंग गेला होता आणि ते त्याला अजून ठाऊक नव्हतं. तिला ठाऊक होतं. सांगावं म्हणून ती दोन पायऱ्या उतरली आणि तिथेच थांबली. दुपारी बारा वाजता मॅनेजरचा फोन आला. रेमी चार-पाच वेळा "हो सर" म्हणाला. मग वर आला आणि म्हणाला, "चारची बस आहे."

बॅगा उचलायला ऑरेस्ट आले. लारिसानं त्यांना गाडीपाशीच गाठलं.

"तुम्ही 'द्या' म्हणून मत दिलंत?"

"दिलं."

"मी तुम्हाला कशासाठी सांगितलं होतं, बाबा?"

ऑरेस्टनी गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडायला सुरुवात केली. काच स्वच्छ होती तरी खरवडत राहिले. "पुढच्या आठवड्यात तो कुठेतरी आडवा झाला असता, तर आपल्याला काय मिळालं असतं? मी क्लबच्या बाजूनं बसतो तिथं. आज तो उभा आहे, म्हणून कुणी घेतंय."

"आणि तिथे आडवा झाला तर?"

"तिथे त्यांची समिती आहे."

तिला तो हात आठवला, सोमवारी पाठीवर ठेवलेला. तो निरोपाचा होता की भाजी घेताना दाबून बघतात तसा, हे तिला आता कधीच कळणार नव्हतं.

खेळाडू एका घरातून दुसऱ्या घरी जाताना त्याच्या सामानाबरोबर एक कागद जातो. पहिल्या घरच्या बाईनं दुसऱ्या घरच्या बाईसाठी लिहिलेला. काय खातो, काय खात नाही, कपडे कोणत्या साबणानं धुवायचे, घरून फोन कधी येतो. लारिसा स्वयंपाकघरात तो कागद घेऊन बसली. मासे आवडत नाहीत. सामन्याआधी साधा भात आणि कोंबडी. आईचा फोन बुधवारी. खाली "इतर" म्हणून दोन ओळी मोकळ्या होत्या. तिनं लिहिलं, "नोव्हेंबरपासून डोकं दुखतं, विसरतो, डॉक्टरला अजून दाखवलेलं नाही."

रेमी कोट घालून मागे उभा होता. त्यानं वाचलं होतं.

"ते खोड, कॅप्टन."

"नाही."

"तिथे पहिल्याच दिवशी हे वाचलं तर ते मला परत पाठवतील. इथे पलंग नाही. मग मी कुठे जाऊ? घरी जाऊन बापाबरोबर छप्परं ठोकू?" तो चिडला नव्हता. चिडला असता तर बरं झालं असतं. "तू एकदा सांगून बघितलंस ना. काय झालं?"

म्हणजे त्याला कळलं होतं. कुणी सांगितलं हे त्यानं सांगितलं नाही.

तिनं नवा कागद घेतला. सगळं पुन्हा उतरवलं. "इतर"पाशी आल्यावर बराच वेळ पेन हातात धरून बसली आणि लिहिलं, "सकाळी उशिरा उठतो. पडदा बंद ठेवावा." रेमीनं कागद घडी करून खिशात ठेवला, टेसला खांद्यावर घेऊन अंगणात एक चक्कर मारली आणि गेला. टेसनं रात्री त्याच्यासाठी ताट मांडलं.

शुक्रवारी दुपारी जोना वीब आला. केस खरंच छान विंचरलेले. उंच, लाजरा, प्रत्येक वाक्याला "थँक्यू" लावणारा. ऑरेस्टच त्याला स्थानकावरून घेऊन आले होते आणि वाटेत त्याच्या मनगटांवर खूश झालेले दिसत होते. अशी मनगटं मी वीस वर्षांत पाहिली नाहीत, त्यांनी दारातूनच सांगितलं. लारिसानं त्यांना आत या म्हटलं नाही, तरी ते आले.

जोनानं खिशातून कागद काढून दिला. पोर्ट हॅलमच्या कुणा लोरेननं गोल, व्यवस्थित अक्षरात लिहिलेला. सगळं खातो. दूध फार पितो. प्रार्थना करून जेवतो. आणि खाली: "सकाळी खोलीत अंधार लागतो. आवाज कमी ठेवावा. थोडा विसराळू आहे, रागावू नये."

लारिसानं ती ओळ उभ्यानंच तीनदा वाचली. कागदाच्या तळाशी फोन नंबर होता. रेमी आता लोरेनच्याच घरी होता; शनिवारी दुपारी टेस झोपल्यावर लारिसानं तो लावला.

लोरेननं आधी जोना नीट जेवतो का विचारलं. लारिसानं सांगितलं, जेवतो. मग लारिसानं विचारलं, रेमी कसा आहे? काल रात्रीच उतरला मैदानात, लोरेन म्हणाली. पहिल्याच पाळीत एकाला कठड्यावर असा चेपला की अख्खं रिंक उभं राहिलं. अकरा वर्षांनी इथे माणसं उभी राहिली हो.

"त्याला बसवा," लारिसा म्हणाली. "त्याच्या डोक्याला मार लागलाय. मी कागदावर लिहायला हवं होतं."

पलीकडे कुठेतरी नळ चालू होता. तो बंद झाला.

"पडद्याचं लिहिलं होतंत तुम्ही," लोरेन म्हणाली. "तेव्हाच समजले मी. अंधाराचं मीही लिहिलं होतं ना."

"कधी लागलं जोनाला?"

"ऑक्टोबरमध्ये. कुणाला ठाऊक नाही. आता रेमीचं काढलं, तर दोन्हीकडे तपासण्या होतील, अदलाबदल मोडेल, आणि सोळाव्या वर्षी त्या पोरावर शिक्का बसेल. तो रडला होता माझ्यापाशी, बोलू नका म्हणून. तुम्ही काही बोलला नाहीत, तर मीही..."

लारिसा खिडकीतून बाहेर बघत होती. अंगणात ऑरेस्ट जोनाला बर्फात टेनिसचा चेंडू टाकत होते आणि तो काठीनं गॅरेजच्या दारावर मारत होता. दर फटक्याला ऑरेस्ट मान डोलवत होते. जोनानं एकदा मध्येच थांबून डोळे मिटले, हातमोज्यानं कपाळ दाबलं आणि पुन्हा काठी धरली. ऑरेस्ट तेव्हा चेंडू शोधत होते.

"ऐकताय ना?" लोरेननं विचारलं.

"हो," लारिसा म्हणाली. "ठीक आहे."

फोन ठेवून ती खाली गेली. चादरी तिनं कालच बदलल्या होत्या. कोड्याचे तुकडे अजून जमिनीवर तसेच होते. टेस कुणाला हात लावू देत नव्हती. लारिसानं खिडकीवरच्या घोंगडीचे कोपरे एकेक करून ओढून पाहिले. रेमीनं खिळे खोल ठोकले होते. कुठूनही उजेड येत नव्हता.