चव्वेचाळीस अंशांत आठ मेगाहर्ट्झ

१९८८ च्या मे महिन्यात यमुताई मोहरील यांना निवृत्त होऊन जेमतेम पाच आठवडे झाले होते. चौतीस वर्षं त्यांनी मुलींच्या शाळेत गणित शिकवलं होतं. घरी बसायचा कंटाळा त्यांना पहिल्याच आठवड्यात आला आणि त्यांनी लकडगंजातल्या अरुंधतीच्या कॉम्प्युटर क्लासात नाव घातलं. अरुंधती तिशीची इंजिनिअर. तिचा क्लास सागवानाच्या एका वखारीच्या माडीवर होता, वर टिनाचं छप्पर. सुट्टीमुळे बाकीचे विद्यार्थी गावी गेले होते. उरल्या होत्या एकट्या यमुताई.

बुद्धिबळाच्या पटावर आठ वजीर असे ठेवायचे की कोणी कोणाला मारणार नाही. अशा रचना ब्याण्णव होतात, हे यमुताईंना माहीत होतं. पण पट बारा बाय बाराचा आणि वजीर बारा असले तर? त्यांनी स्वतः बेसिकमध्ये प्रोग्रॅम लिहिला आणि क्लासातल्या सगळ्यात वेगवान मशीनवर चालवला.

हिशेब साडेपाच तासांचा निघाला. विजेची लाइन मात्र सकाळी साडेसातला येई आणि बाराला जाई. दुपारी दोनला परत येई, तर सहाला वखारीचं फाटक बंद. प्रोग्रॅम पहिल्या ओळीतला वजीर एकेक घर पुढे सरकवत रचना मोजायचा; रोज तो दहाव्या घरात पोचला की लाइन जाऊन पडदा काळा व्हायचा. यमुताई चार दिवस ते बघत बसल्या.

"मधलं उत्तर फ्लॉपीवर साठवू," अरुंधती म्हणाली. "किंवा अर्ध्याच रचना मोजा. उरलेल्या अर्ध्या आरशातल्यासारख्याच असणार."

"ते माहीत आहे गं मला. पण मोजायचं म्हणजे मोजायचं. एका दमात."

अरुंधती एखादं पाप कबूल करावं तशी हळूच म्हणाली, "एक करता येईल. हे मशीन सहा मेगाहर्ट्झवर चालतं, म्हणजे सेकंदाला साठ लाख ठोके. ठोका देणारा क्रिस्टल बदलला की आठवर जाईल. साडेपाच तासांचे चार तास होतील."

"मग इतके दिवस काय बघत होतीस?"

सीताबर्डीच्या रेडिओच्या दुकानातून अरुंधतीनं नखाएवढा क्रिस्टल आणला. जुना काढला, नवा बसवला. आठ वजिरांचा प्रोग्रॅम लावला. पूर्वी पाऊण मिनिट लागायचं, आता पस्तीस सेकंदही लागले नाहीत. ब्याण्णव! यमुताईंनी टाळी वाजवली. लगेच बारा वजीर लावले. अठराव्या मिनिटाला पडदा गोठला. किल्ल्या दाबा, बडवा, काही नाही.

अरुंधतीनं झाकण काढून चिपला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. यमुताईंनी पर्समधून तापाचा थर्मामीटर काढला. तो त्यांच्याकडे कायम असे. चिपवर टेकवताच पारा सरसर एकशे आठला जाऊन भिडला.

"अगं, हे तर पेशंट आहे!" यमुताई म्हणाल्या, आणि दोघी इतक्या हसल्या की खाली वखारीतला हमाल वर बघायला लागला.

त्याच दुपारी जरीपटका वस्तीतले रुपराव क्लासातल्या कूलरची खसाची, म्हणजे वाळ्याच्या गवताची, टट्टी बदलायला आले. पन्नाशीचे, टिनाचे कूलर बनवण्यात अख्खं आयुष्य गेलेले. उघड्या मशीनवर थर्मामीटर टेकवून बसलेल्या बाईंकडे त्यांनी नीट पाहिलं.

"याले काय झालं? ताप हाय का?"

यमुताईंनी सगळं सांगितलं. रुपरावांना वजिरांचं काही कळलं नाही, उष्णतेचं मात्र पहिल्या वाक्यात कळलं. "मंग कूलर याच्याकडेच फिरवून देतो ना मी."

"नाही नाही," अरुंधती म्हणाली. "कूलरची हवा ओली. आतली सर्किटं खराब होतील."

टेबलफॅन लावून पाहिला. बाहेर चव्वेचाळीस अंश. फॅन नुसता लू फेकत होता. मशीन बंद पडलं नाही, पण आठ वजिरांचं उत्तर पडद्यावर आलं: एक्क्याण्णव.

यमुताईंचा चेहरा पडला. "हे बंद पडण्यापेक्षा वाईट. खोटं बोलायला लागलं."

रुपराव डोक्याला हात लावून बसले होते. एकदम उठले. "हवा थंडी पायजे, पण सुकी पायजे. हेच ना? मंग पाणी भायेर, हवा अंदर! टिनाचा पाइप बनवतो. भायेरून ओला खस गुंडाळतो. अंदरून लहान्या पंख्यानं हवा काढतो. पाणी हवेले शिवतच नाही!"

अरुंधती त्यांच्याकडे बघतच राहिली. "रुपराव, तुम्ही इंजिनिअर आहात."

"मले माहीत हाय," रुपराव म्हणाले आणि पत्रा आणायला निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच ते सायकलच्या कॅरिअरला पाच फूट पाइप बांधून हजर झाले. पाइपचं एक तोंड मशीनच्या उघड्या अंगाशी, दुसऱ्या तोंडाशी पंखा, मधे खस, खस ओला ठेवायला कूलरचा पंप आणि खाली गळतं पाणी झेलायला घमेलं. साडेसातला लाइन आली. खसाच्या वासानं खोली भरून गेली. दहा मिनिटांनी यमुताईंनी थर्मामीटर झटकून चिपला लावला.

"एकशे एक! बारीक ताप!"

आठ वजीर पाच वेळा चालवले. ब्याण्णव, ब्याण्णव, ब्याण्णव, ब्याण्णव, ब्याण्णव. रुपराव प्रत्येक वेळी "वा रे पठ्ठ्या!" ओरडले. मग बारा वजीर लावले. घड्याळात सात पंचेचाळीस झाले होते. लाइन जायला सव्वाचार तास होते, त्यातले चार तासांच्या वर लागणार होते. चुकायला जागा दहा मिनिटांचीही नव्हती.

पहिलं घर वीस मिनिटांत झालं. दुसरं. तिसरं. यमुताई दर घराला ताप बघत, अरुंधती आकडा लिहून घेत होती, आणि रुपराव इतर गिऱ्हाइकांना विसरून खुर्चीत बसले होते. अकरा वाजता पंप घरघरला आणि बंद पडला. ताप एकशे चार.

"लोटा द्या!" रुपराव ओरडले. घमेल्यातलं पाणी उपसून ते खसावर ओतू लागले. यमुताईंनी साडीचा पदर खोचला आणि त्या दुसऱ्या बाजूनं पेल्यानं पाणी घालायला लागल्या. दोघांची एक लय जमली. पाणी फरशीवर वाहत होतं, अरुंधती वायरी उचलून धरून उभी होती आणि किंचाळत होती, "मशीनवर नको! मशीनवर नको!" ताप एकशे दोनवर उतरला. दहावं घर. रोज जिथं अडायचं, तेही ओलांडलं गेलं. अकरावं. बारावं.

अकरा बावन्नला पडद्यावर आकडा उमटला: १४२००.

यमुताईंनी तो मोठ्यानं वाचला. मग पुन्हा वाचला. मग त्यांनी पेला फेकून दिला आणि अरुंधतीला कवेत घेऊन ओल्या फरशीवर एक गिरकी घेतली. रुपरावांनी लोट्यावर ठेका धरला. बाराला लाइन गेली, पंखा थांबला, तरी तिघं हसतच होते.

अरुंधतीचा मात्र एकदाच आलेल्या आकड्यावर विश्वास नव्हता. दुरुस्त केलेला पंप लावून दुसऱ्या सकाळी पुन्हा सगळं चालवलं. १४२००. तिसऱ्या सकाळी पुन्हा. १४२००, आणि चिपला ताप एकशे एकच्या वर एकदाही गेला नाही.

त्या दिवशी वखारीसमोरच्या गाड्यावर तिघं उसाचा रस प्यायले. रुपरावांनी मिशी पुसली.

"बाई, एक विचारू? या चौदा हजार दोनशेचा उपयोग काय होऊन राहिला?"

"काहीच नाही," यमुताई म्हणाल्या.

"काहीच नाही?"

"अजिबात नाही."

रुपरावांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग पोट धरून ते एवढे हसले की रसवाल्यानं चरक थांबवला. "साऱ्या सीझनमध्ये असं काम नाही केलं मी!" ते म्हणाले. "आता तेरा लावा."