सेनापतीच्या लेकीचा उजवा बूट

मी एक जुना बूट आहे, मित्रांनो. उजवा. माझा डावा भाऊ शेजारीच पडलेला असतो, पण तो पहिल्यापासून अबोल. एका नाटक मंडळीच्या कपाटात आम्ही राहतो.

मोच्याने आम्हाला शिवलं ते दादांच्या मापाने. दादा म्हणजे मंडळीतले थोरले नट. पाय केवढा, तर माझ्यात मांजरीने संसार थाटावा! त्या काळी बायका नाटकात काम करत नसत, म्हणून एका जुन्या नाटकातली सेनापतीची लेक दादाच करायचे. काय तिची ऐट! बाप अंथरुणाला खिळलेला, भाऊ शत्रूला भिऊन पळालेला, आणि दरबारी हिचं लग्न ठरवत बसलेले. ही बापाचे बूट चढवते, लाथ मारून दरबाराचं दार उघडते आणि म्हणते, "लग्नाचं मागाहून बघू. आधी वेस राखू!" ती लाथ माझी. टाळ्याही माझ्याच, असं मी समजायचो.

पुढे दादांचे गुडघे कुरकुरू लागले. त्यांनी आपल्या भाचीला ती भूमिका शिकवली. मंडळीचे मालक ऐकेनात. म्हणाले, "बाईला झेपायचं नाही हे."

"अहो, काम बाईचंच आहे ना?" दादा म्हणाले.

"असलं बाईचं काम करायला गडीच लागतो!"

खूप विनवण्या झाल्या, तेव्हा मालकांनी तिला एक प्रयोग दिला. लाथ फसली तर पुन्हा नाव काढायचं नाही. तिने मापाचे बूट मागितले, तर म्हणाले, "याच बुटांचा आवाज लोकांच्या कानात बसलाय." बिचारीने माझ्यात चिंध्या कोंबल्या. मला मात्र धडकी भरली. काही बिनसलं, तर बोल तिलाच लागणार होता.

आणि बिनसलंच. तिने लाथ मारली, दार धाडकन उघडलं, आणि मी तिच्या पायातून सुटून थेट प्रधानाच्या मांडीवर! प्रधान आपलं वाक्य विसरला. मला वाटलं, संपलं बाईचं काम.

ती एक पाय अनवाणी, एक बुटात, अशी लंगडत पुढे आली. मला उचललं, सगळ्या दरबाराला दाखवलं आणि म्हणाली, "बाबांचे बूट मला मोठे होतात, कबूल. पण दार उघडलं की नाही?"

लोक आधी हसले, मग टाळ्या वाजवत उभे राहिले. पडद्याआड दादा डोळे पुसत पुटपुटले, "इतकी वर्षं मला कसं नाही सुचलं हे!"

मालक मिशी चावत आत आले. "वाक्य बरं होतं. उद्याही म्हण."

"म्हणेन की," ती म्हणाली. "पण बूट माझ्या मापाचे शिवा."

शिवले! हुश्श! माझा जीव भांड्यात पडला. आता दार तिचे नवे बूट उघडतात. मी फक्त त्या वाक्यापुरता तिच्या हातात असतो, आणि टाळ्या कुणाच्या ते मला नीट कळतं.

म्हणून सांगतो, मित्रांनो, मला अधूनमधून तेल लावा, वाळवी लागू देऊ नका. आणि चालताना कुणी अडखळलं, तर त्याच्या पायाला हसण्याआधी बूट कुणाच्या मापाचा आहे, तेवढं बघा.